आभाळातले डाग

शर्ट हातात आला की ती आधी उलटा करायची. तयार कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायचं तिचं काम. सुलट बाजूने सगळेच शर्ट शहाण्यासारखे वागतात, खरं काय ते आतली शिवण सांगते, असं ती म्हणायची. तिथल्या पोरींनी तिचं नाव फौजदारीण पाडलं होतं आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही. आता अशा बाईच्या घरात नवऱ्याने दार लोटून फोनवर बोलायला लागावं, म्हणजे चोराने आपल्या पायांनी चौकीत जाऊन बसण्यातलाच प्रकार.

नवरा चित्रकार. रंगाच्या बाटल्या, कुंचले असला पसारा मात्र नाही. आतल्या खोलीत एक मोठी स्क्रीन, तिला जोडलेली काळी पाटी आणि त्या पाटीवर चालणारं पेन, एवढाच संसार. डोंगर, नद्या, जंगलं काढून द्यायचा, कुणाला पुस्तकासाठी, कुणाला गेमसाठी, कुणाला दिवाणखान्यात लावायला. खोलीचं दार कायम सताड उघडं. ती येता-जाता डोकवायची, हे झाड पडतंय बघ तुझं, म्हणून सांगायची, आणि तो निमूटपणे झाड सरळ करायचा.

हे नवं काम आलं आणि दार लोटलं गेलं. गिऱ्हाईक कोण, असं विचारलं तर म्हणाला, आहेत एक बाई. नाव काय त्यांचं? टेकडीवाल्या बाई म्हण. करतात काय? त्यावर त्याने चहा फक्कड झाल्याचं सांगितलं. चहा रोजच्यासारखाच होता. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

फोन रोज संध्याकाळी यायचा. याच्या कानात इअरफोन, म्हणजे पलीकडचं अक्षर कळायची सोय नाही. अलीकडून नुसतं हो ताई, समजलं ताई. आता ताई म्हणायला काय जातंय? तो भाजीवालीलाही ताई म्हणायचा आणि बँकेतल्या मुलीलाही. ताई म्हटलं की माणूस धुतल्या तांदळाचा होतो असं थोडंच आहे, असं तिने मनाला बजावलं.

चित्र सुरू झालं तेव्हा पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने ती आत शिरली. स्क्रीनवर नुसत्या करड्या रेघा होत्या. एक टेकडी, तिच्या एका अंगाला खाणीने घेतलेला चावा, पायथ्याशी पत्र्याची शेड, वर चढत गेलेली पायवाट आणि एकीकडे कललेली तीन झाडं. कुठल्याही कामाला बसला की तो आधी ढीगभर फोटो उघडून ठेवायचा. इथं एकही नव्हता. तिने विचारलं तर म्हणाला, फोटो नाहीच, त्या सांगतात तसं काढतोय. म्हणजे बाई सांगणार आणि हे महाशय डोळे मिटून ऐकणार! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडाने ती एवढंच म्हणाली की पाणी पिऊन घे.

मग काळ्या-पांढऱ्याचं काम लागलं. रंगाला हात लावण्याआधी तो सगळं चित्र राखाडीत उभं करायचा. उजेड कुठून येतो ते एकदा ठरलं की निम्मं काम झालं, असं त्याचं म्हणणं. या वेळी मात्र ते काही ठरेना. टेकडी पुसली, परत काढली. शेड खाली सरकवली, परत वर नेली. एरवी गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा बदल सांगितला की हा माणूस भांडी आपटायचा. आणि आता खोडतोय, परत काढतोय, वर गुणगुणतोय! पाणी कुठंतरी मुरत होतं. भरीस भर म्हणजे ते चित्र तिला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटायचं. कुठं ते आठवायचं नाही. याने आपल्याला कधी तिथं नेलंय, की दुसऱ्याच कुणाबरोबर जाऊन आलाय आणि बोलता बोलता सांगून गेलाय? ती रात्रंदिवस तेच घोळवत बसायची.

अशा वेळी माणसाला सख्खी बहीण लागते. तिलाही होती एक, थोरली. पण दोघींचं बोलणं कधीच बंद झालं होतं. आईच्या माघारी माहेरचं घर विकायची वेळ आली तेव्हा ताईने डोळ्यातून टिपूस न काढता सही केली. हिने मात्र थयथयाट केला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला काय त्या घराचं? वर्षभर खोलीत पडून होतीस, पण एकदा खिडकीबाहेर पाहिलं नाहीस. आरशातलं तोंड बघण्यातून वेळ मिळाला असता तर ना!" ते खरंही होतं. लहानपणी ताईचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तिची खाट खिडकीकडे पाठ करून लावली होती आणि ती तासन् तास समोरच्या कपाटाच्या आरशाकडे बघत पडलेली असायची.  त्यावर ताई पिशवी उचलून निघून गेली. पुढे ते घर पाडलं, समोरची टेकडीही खाणीने खाल्ली, आणि दोघींपैकी कुणीच फोन केला नाही.

रंग भरायला लागल्यावर तर कहर झाला. आभाळ पिवळसर, टेकडीवर सकाळचं धुकं, झाडांवर बारीक ब्रशने पान न् पान. चित्र सुरेख होत होतं, यात वाद नव्हता. पण त्या सुरेख आभाळात एका कोपऱ्यात तपकिरी रंगाचे तीन डाग होते, चहा सांडल्यासारखे. पक्षी आहेत का, तिने विचारलं. नाही, डागच आहेत, बाईंना हवेत. का हवेत? तेव्हा त्याने खांदे उडवले. उभा जन्म डाग शोधून माल परत पाठवण्यात गेलेल्या बाईला हे कसं पटावं? पैसे देऊन आभाळ डागाळून घेणारी बाई एक तर वेडी, नाही तर तिची आणि याची काहीतरी खूण आहे. ही दुसरी शक्यता मनात आली आणि तिला रडूच फुटलं. हा माणूस तिला फार आवडायचा. पण खोट्या माणसाबरोबर नांदायचं नाही, हेही तिचं पक्कं होतं. मावशीकडे जायचं म्हणून तिने बॅगही काढून ठेवली.

चित्र पुरं व्हायचं त्या सकाळी तो आंघोळीला गेला आणि ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. फोन कुलूपबंद. समोर फक्त ती टेकडी. बघून बघून डोळा चुकांना सरावतो, म्हणून तो मधूनमधून चित्र आडवं उलटवायचा, आरशात धरल्यासारखं. पूर्वी एकदा कुठली कळ दाबायची तेही त्याने दाखवलं होतं आणि ती म्हणाली होती, म्हणजे आमच्या शर्टासारखंच की. तिने तीच कळ दाबली.

चित्र उलटलं आणि ती माहेरच्या खिडकीत उभी होती.

पायवाट डावीकडून चढत होती, ती जशी चढायची तशी. झाडं उजव्या बाजूला कलली होती. त्याच वाटेने ती रोज धावत खेळायला जायची. कुठंही खोट नव्हती. पण मग ते डाग? खिडकीतून काही तसले डाग दिसायचे नाहीत. ते होते कपाटाच्या आरशाला, कोपऱ्यात पारा उडाला होता तिथं. आईने पुसून पुसून नाद सोडला होता. तिने कळ पुन्हा दाबली. चित्र पुन्हा ताईचं झालं. अग आई ग, ताई आरशात तोंड बघत नव्हती, टेकडी बघत होती.

नवरा डोकं पुसत बाहेर आला आणि तिला खुर्चीत बघून दारातच थबकला. तिने विचारलं, "ताई आहे ना ही?"

त्याने मान हलवली. हिला कळलं तर चित्र होऊच देणार नाही, म्हणून ताईंनी शपथ घातली होती, असं काहीबाही तो सांगायला लागला. ती ऐकतच नव्हती. तिने त्याला कळ दाबून दाखवली, खाट कुठं होती, कपाट कुठं होतं ते सांगितलं.  टेकडी उलटी निघालीय याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याने चाचरत विचारलं, मग सुलटी करून पाठवू का?

"नको," ती म्हणाली. "तिला दिसायची तशीच राहू दे."

तेवढ्यात फोन वाजला. आज चित्र मिळणार म्हणून सकाळीच आला असावा. टेकडीवाल्या बाई. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि इअरफोन न लावता फोन तिच्यापुढे धरला. तिने तो कानाला लावला. माफी कशी मागतात ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. चुका काढणं तेवढं येत होतं. पलीकडून दोनदा हॅलो झालं.

"ताई," ती म्हणाली, "मधला डाग जरा मोठा होता ग."

 पलीकडे ताईने नाक ओढलं.

"तेच म्हणत होते मी त्यांना," ताई म्हणाली.