पाच पट्टे

बिबिनिसाने रजईच्या एका कोपऱ्यावर गुडघा रोवला आणि दोरी दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणली. दोन मीटर. तिने दोरीला गाठ मारली, सोडली आणि परत पहिल्यापासून मापायला घेतलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

"अगं, मापून मापून रजई वाढणार आहे का?" ओट्यावर मांडी ठोकून बसलेली सालोमत म्हणाली. कोनिबोदोम गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने शिवलेल्या रजया घेऊन सासरी गेल्या होत्या, आणि सुईपेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. "आकडा सांग, म्हणजे मी कापड आणायला मोकळी."

सून मुअत्तर लग्नात बारा रजया घेऊन आली होती. त्यातली सगळ्यांत जाड रजई तिने नवऱ्याबरोबर, बिबिनिसाच्या थोरल्या शेरोजबरोबर, बळेच रशियाला पाठवली. तिथे बांधकामावर पत्र्याच्या खोलीत झोपायचं होतं. थंडी सरता सरता शेरोज परत आला, शवपेटीतून. रजई आली नाही.

मुअत्तरने नवऱ्यामागे इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळले, त्यालाही आता तीन आठवडे होत आले. सून माहेरी परत जाते तेव्हा तिचं रुखवत मोजून, पुरंच्या पुरं जायला हवं. बारावी रजई तयार नाही असं सांगून बिबिनिसाने व्याह्यांना दोन गुरुवार थोपवलं होतं. तिसरा गुरुवार परवावर आला होता. पोरगी जाऊ नये, एवढंच बिबिनिसाला हवं होतं. बाकी कशाचं काही वाटेनासं झालं होतं. पेटी उतरवली तेव्हाही तिला रडू आलं नाही. येईल हळूहळू, असं बायका म्हणाल्या होत्या. हल्ली भातात मीठ नसलं तरी ती निमूट जेवून उठायची.

"हे बघ," सालोमतने बोटं उघडली. "रेशमाचा पन्हा अरुंद. लांबी दोन मीटर, आणि कापूस भरला की कापड आटतं, म्हणून वर वीतभर. एक पट्टा दोन वीसचा. दुहेरी रजईला पाच पट्टे, म्हणजे अकरा मीटर. एकेरीला तीन. सहा मीटर साठमध्ये भागतं."

"गेली ती दुहेरी होती."

"माहीत आहे. मीच शिवली होती. पण एकट्या बाईला दुहेरी घेऊन काय करायचंय? लोक रजया मोजतात, त्यांची रुंदी कोण बघतं?" मग तिने आवाज खाली आणला, म्हणजे तिच्या मते खाली. "नाहीतर तुझ्या धाकट्या लेकाशी लग्न लाव तिचं. पोर घरात, रजया घरात, आणि माझेही टाके वाचले."

अंगणात चटईवर जर्दाळू उलटवत बसलेल्या मुअत्तरचा हात थांबला. एक जर्दाळू तिच्या बोटांत तसाच राहिला. मग ती उठली, हात पुसून ओट्यावर आली आणि रजईच्या पलीकडच्या कडेला बसली. तिने दोरीचं दुसरं टोक धरलं.

"मला एकेरी पुरेल, आई," ती म्हणाली. "धाकट्याचं म्हणाल तर, तुम्ही सांगाल तसं."

बिबिनिसाने खाली बघितलं. ही रजई मुअत्तरच्याच अंथरुणातली. रोज सकाळी तिची घडी बिबिनिसा घालायची. भिंतीकडच्या कडेला पोरीच्या अंगाखाली चुरगळलेला एक पट्टा, आणि बाकी सगळी रजई, शेरोजची बाजू, अंथरली तशीच सपाट. एवढे महिने रोज तेच. ती रोज घडी घालत होती आणि रोज रचून ठेवत होती. मुअत्तर बावीस वर्षांची होती.

आत्ताही ती कडेलाच बसली होती.

"मी सांगेन तसं कशाला," बिबिनिसा म्हणाली. "सरळ धर ती दोरी."

मुअत्तरने दोरी सरळ केली. बिबिनिसाने रुंदी एकदाच मापली आणि तिथे गाठ मारली. ही गाठ तिने सोडली नाही.

"पाच पट्टे," ती सालोमतला म्हणाली. "दुहेरीच. बुधवारी संध्याकाळी हवी."

सालोमतने बोटांवर मोजलं. "दीड दिवसात?"

"मी बसते ना टाके घालायला तुझ्याबरोबर."

"आई, दुहेरी कशाला पण?" मुअत्तर पुटपुटली.

बिबिनिसा दोरी गुंडाळत होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब रजईवर पडला. तिने तो तळव्याने पुसला आणि हाताकडे बघत राहिली.

"कापूस जास्त भर गं, सालोमत," ती म्हणाली. "पुढे तिला कुठलं घर मिळेल, तिथे थंडी कशी असेल, आपल्याला काय ठाऊक."