जिन्यातली शाखा

भाषाशिक्षक संघटनेच्या स्थानिक शाखेची मासिक सभा भरली तेव्हा सभागृहात चौतीस खुर्च्या होत्या, एकोणीस शिक्षक होते, एक फळा होता आणि पाण्याचे दोन जग होते. अडचण मात्र एकालाही नव्हती.

अध्यक्षबाईंनी रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं, कसं चाललंय? एकेकाने रीतीप्रमाणे सांगितलं, छान. मग एकाने आदर्श पाठ घेतला आणि बाकीचे विद्यार्थी होऊन बसले. विद्यार्थीच शिक्षक असल्यामुळे सगळी उत्तरं बरोबर आली. त्या सभागृहात आजवर एकही पाठ फसलेला नव्हता.

धाकट्या बाईंची पाळी आली तेव्हा त्याही ‘छान’ म्हणाल्या आणि मान खाली घालून बसल्या. त्या संध्याकाळी मोठ्या माणसांना भाषा शिकवत. कामासाठी परमुलखातून आलेले लोक त्यांच्या वर्गात होते: एक बेकरीवाला, एक नर्स, काही ड्रायव्हर. तेवीस जणांनी नावं नोंदवली होती, उरले होते नऊ. सत्राच्या शेवटी आठाच्या खाली गेले तर वर्गाला कुलूप, असं कचेरीने बजावलं होतं. बाईंनी तर मनातून हातपाय गाळलेच होते. कोणी बंद करण्याआधी आपणच वर्ग सोडावा, आपला हा पिंडच नव्हे, इथपर्यंत त्या आल्या होत्या.

एरवी सभा संपली की त्या लिफ्टने तडक खाली जात. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिन्याने उतरताना मधल्या वळणावर त्यांना पायऱ्यांवर बसलेले चार शिक्षक दिसले. मघाशी सर्वांत जोरात ‘छान’ म्हणालेले तेच हे चौघे! मधोमध स्वल्पविराम सर होते. दर चार शब्दांनी थांबायची सवय, म्हणून हे नाव. परवाचा तास कसा पार आपटला ते सर रंगवून सांगत होते. वर्गाला काहीच कळलं नाही, आणि मधेच केव्हातरी आपल्यालाही कळेनासं झालं, म्हणाले. बाकीचे पोट धरून हसत होते.

“या, बाई, बसा,” सर म्हणाले. “कसं चाललंय?”

“छान.”

“मग उतरा खाली. इथे, छान चाललेल्यांना, जागा नाही.”

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्या पायरीवर बसल्या. तेवीस, नऊ, कुलूप, सगळं भडाभडा सांगून टाकलं. कोणी उपदेश केला नाही. एकीने फक्त सरकून भिंतीकडची जागा दिली. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, तुम्ही हे वर सभेत का सांगत नाही?

“पहिल्यांदा कोणी सांगायचं,” सर म्हणाले, “यावर, तीस वर्षं, एकमत झालेलं नाही.”

त्याच आठवड्यात सर बाईंच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बेकरीवाल्याशेजारी बसले. बाईंनी तास नेहमीसारखाच घेतला. वर्ग सुटल्यावर त्यांनी विचारलं, माझं काय चुकतं?

“तुमचं काहीच चुकत नाही, तोच घोटाळा आहे,” सर म्हणाले. “बेकरीवाला सांगायला लागला, ‘काल पहाटे माझी भट्टी...’ तुम्ही त्याचा उच्चार सुधारलात. त्याने पुन्हा सुरू केलं, तुम्ही पुन्हा सुधारलात. मग तो बसला. भट्टीचं काय झालं, बाई?”

बाईंना ठाऊक नव्हतं.

“मलाही नाही. चुकायला जागा नसली, की माणूस एक तर गप्प बसतो, नाहीतर घरी बसतो. तुमच्या वर्गातले घरी बसले. आपल्या शाखेतले, छान म्हणतात.”

पुढच्या तासाला बाईंनी बेकरीवाल्याला भट्टीचं विचारलं आणि खडू मुठीत घट्ट धरून ऐकत राहिल्या. भट्टी विझली होती, मदतनीस झोपला होता, अख्ख्या गल्लीचा पाव उशिरा पोचला होता. वाक्य एकही धड नव्हतं. नर्सने मात्र त्याला मधेच फैलावर घेतलं, कारण त्या दिवशी ती उपाशीच कामावर गेली होती! तिचंही वाक्य धड नव्हतं. वर्ग हसून लोटपोट झाला. सुधारायचं ते बाईंनी शेवटच्या दहा मिनिटांत सुधारलं. दोन दिवसांनी नर्स वर्ग सोडून गेलेल्या आपल्या मैत्रिणीला हाताला धरून घेऊन आली.

पुढच्या मासिक सभेत आदर्श पाठाची पाळी धाकट्या बाईंची होती. त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या.

“आज मी माझा फसलेला पाठ दाखवणार आहे. आणि तो का फसला, ते तुम्ही शोधायचं.”

चिटणीसांनी पेन उचलून अध्यक्षबाईंकडे पाहिलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का? अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि त्याखाली माझंही लिहा. माझ्या वाचनाच्या तासाला मुलं झोपतात. चार वर्षं झाली.”

मग कोण थांबतंय! एकेक हात वर येऊ लागला.

वाचकहो, शाळा असो, कचेरी असो की आपलं घर, आपणही रोज कोणाला तरी ‘छान’ म्हणून वाटेला लावतो. अडचण सांगणारा माणूस कमी पडलेला नसतो. तो इतरांना बोलायची वाट करून देत असतो. जिथे चूक मोकळेपणाने सांगता येते, तिथेच माणसं शिकतात आणि टिकतात. ती जागा जिन्यात नको, सभागृहात हवी.

सत्राच्या शेवटच्या दिवशी कचेरीतला माणूस बाईंचा वर्ग मोजायला आला. सगळे एकाच वेळी बोलत होते, म्हणून त्याने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा चौदा भरले.