तीन नंबरच्या पडद्यावरचं नाव

सकाळी सातला डायलिसिसच्या खोलीबाहेर पेशंटांपेक्षा बघेच जास्त जमायचे. नर्सने तीन नंबरचं मशीन लावलं, की ते किंकाळी फोडल्यासारखं वाजायचं आणि पडद्यावर शिंपीकाकांचं नाव उमटायचं. महिन्यापूर्वी काका त्याच मशीनवर, उपचार अर्धवट असताना गेले होते. तेव्हापासून त्यावर झोपायला कुणी धजेना.

मग एक बाबा उगवले. "जीव नळीत अडकलाय!" म्हणत त्यांनी मशीन बंद केलं, काहीबाही पुटपुटून फुंकर मारली आणि पुन्हा बटण दाबलं. आवाज नाही, नाव नाही. लोकांनी हात जोडले.

"उद्या तो परत येणार," बाबा शिंपीकाकूंना म्हणाले. "त्याच्यावर राग धरला होतात ना? म्हणून तोही रागावलाय."

असा राग कुठल्या घरात नसतो? पण काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. काका गेले त्याच्या आदल्याच दिवशी त्या त्यांच्याशी भांडल्या होत्या. त्यांनी अन्न टाकलं. रोज येऊन त्या मशीनपाशी बसू लागल्या.

मशीनच्या कंपनीने पाठवलेली प्रोग्रामर ते नाव बघून दचकलीच. तिच्या अंगावर काटा आला. तरी तिने नर्सला विचारलं, "काका गेल्यावर मशीनमध्ये काही बदललंत?"

"तपासणीत नवा सेन्सर बसवला."

दोन दिवस ती प्रोग्राम वाचत बसली. तिसऱ्या सकाळी, बाबांसमोरच, तिने मशीन लावलं. किंकाळी. नाव. तिने ते बंद केलं, सतराचा पाढा म्हटला आणि पुन्हा लावलं. मशीन चिडीचूप!

"आत शेड्युलर नावाचा मुकादम आहे," ती म्हणाली. "कुठलं काम आधी, ते तो ठरवतो. आधी जुनी नोंद बाजूला ठेवायची, मग पडदा आणि अलार्म उठवायचे. पण नोंद हलवणारं काम सेन्सरसाठी अडतं. रात्रभरात गार झालेला सेन्सर उशिरा जागा होतो आणि मुकादम तोवर थांबत नाही. काकांनंतर इथे कुणी झोपलंच नाही, म्हणून शेवटची अर्धवट नोंद त्यांचीच; पडदा तीच दाखवतो आणि अलार्म तिच्यामुळेच ओरडतो. दुसऱ्यांदा बटण दाबेपर्यंत सेन्सर जागा झालेला असतो. फुंकर मारा, नाहीतर पाढे म्हणा!"

बाबांना एकाएकी दुसरीकडचं काम आठवलं.

तिने कामांचा क्रम बदलला. ओळीने पाच दिवस सकाळी गार मशीन लावून पाहिलं. ते वाजलं नाही.

"म्हणजे ते इथे नव्हतेच?" काकूंनी विचारलं.

"नव्हते, काकू."

"रागावलेही नव्हते?"

"त्यांच्या मनातलं मला कसं कळणार? पण ते बाबांनाही कळलं नव्हतं."

काकू रडल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच. नर्सने दिलेलं चहा-बिस्कीट त्यांनी घेतलं.

दारातल्या गर्दीकडे वळून प्रोग्रामर म्हणाली, "भीती मलाही वाटली होती. वाटू द्या. पण भ्यालेल्या माणसाला कुणी त्याचाच दोष दाखवू लागलं, तर आधी पुरावा मागा."