बिनसांध्याचं टेबल

जेरूशा हेझनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरची जाड चादर बारा वर्षांत परक्या माणसासमोर कधी निघाली नव्हती. चादरीखाली गुन्हा होता. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या जंगलात फूटभराहून जाड पाइनचं झाड दिसलं, की ते इंग्लंडच्या राजाचं, त्याच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी. जमीन तुमची असेना का! राजाचा माणूस यायचा, खोडावर कुऱ्हाडीने बाण कोरायचा, आणि उरलेली किडमिडी झाडं तोडायची तर परवानगीचे पैसे वर मागायचा. त्यामुळे त्या मुलखातल्या घरांत तक्तपोशी काय नि टेबलं काय, सगळं अरुंद फळ्या जोडून केलेलं. पण लग्न ठरल्याच्या आनंदात असाहेल हेझनने अक्कल गहाण ठेवली आणि अडीच फूट रुंदीच्या एकाच फळीचं टेबल केलं.

"पाव मळताना सांध्यात पीठ अडकतं म्हणून कुरकुरतेस ना," तो म्हणाला होता, "घे. आता शोध सांधा."

त्या टेबलावर तिने बारा वर्षं पाव मळला. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांना शेवटचं तिथेच निजवलं. नवऱ्याच्या या मूर्खपणावर तिचा जितका राग होता, त्याहून कितीतरी जास्त जीव होता.

तशी ही माणसं भांडखोर नव्हती. लंडनच्या लोकांनी आधी कागदावर कर लावला, तेव्हा यांनी अर्ज केले. मग काचेवर लावला, रंगावर लावला, चहावर लावला, तेव्हा यांनी पुन्हा अर्ज केले आणि चहा सोडला. आमचा एकही माणूस तुमच्या सभेत बसत नाही, मग आमच्या खिशात हात घालायला तुम्ही कोण, एवढाच सवाल होता. उत्तर म्हणून बोस्टनचं बंदर बंद झालं आणि शहरात पलटणी उतरल्या. मग मात्र डोकी फिरली. १७७४ च्या डिसेंबरात किनाऱ्यावरच्या माणसांनी भरदिवसा राजाच्या किल्ल्यात घुसून बंदुकीची दारू उचलली. तिची पिंपं बर्फावरच्या घसरगाड्यांवरून डोंगरांतल्या गावागावांत पसरली. काही हेझनांच्या लाकूड कापायच्या गिरणीत आली आणि भुश्याच्या ढिगाखाली गेली.

तीन दिवसांनी सकाळीच व्हिटलॉक दारात उभा. हाच तो बाण कोरणारा. बरोबर दोन शिपाई, हातात लोखंडी टोकाची काठी. असाहेल गावातल्या माणसांबरोबर मैदानात कवायतीला गेला होता.

"हेझनबाई, दारू कुठे आहे?"

"प्यायची की उडवायची, साहेब?"

एक शिपाई फिस्कन हसला. व्हिटलॉक हसला नाही. त्याने गवताच्या गंजीत काठी खुपसली, पिठाच्या पेटीत खुपसली, मग थंडीने कुडकुडत टेबलाशी येऊन बसला आणि चहा मागितला. जेरूशाने रासबेरीची पानं उकळून पुढे ठेवली.

"हा काय काढा आहे?"

"चहावर कर तुम्ही बसवलात, साहेब. आता कराशिवायचं जे मिळतं ते प्यायचं."

त्याने तोंड वाकडं करून पेला चादरीवर ठेवला आणि उठला. "गिरणी बघू."

जेरूशा त्यांच्याही पुढे धावली. गिरणीत शेजारचे टाफ्टकाका भुश्याच्या ढिगावर ऐसपैस बसून लाकडाचा चमचा कोरत होते. वय ऐंशीच्या घरात, पण त्या दिवशी डोळ्यांत विशीतली चमक होती.

"म्हाताऱ्या, ऊठ तिथून."

"गुडघ्यांना विचारतो, साहेब. ते हो म्हणाले तर उठेन."

एका शिपायाने पाईप काढून चकमक झाडायला घेतली. "अरे बाबा, भुसा आहे हा!" जेरूशा ओरडली, आणि तो ओशाळून थांबला. काकांनी डोळे मिटून घेतले होते. व्हिटलॉकने त्यांना बाजूला सरकवलं आणि काठी उचलली. टोक आत गेलं की लाकडी पिंपावर टक्क वाजणार होतं. मग असाहेलचा गळा आणि गावाची दारू, दोन्ही राजाच्या हातात.

जेरूशा वाकली आणि काकांच्या कानाशी लागली. कुजबुज अशी, की तिघांनाही नीट ऐकू जावी.

"काका, यांना इथेच बोलण्यात गुंतवून ठेवा. तोवर मी टेबल लपवते."

काठी हवेतच थांबली.

हेझनांनी एकाच फळीचं टेबल कुठेतरी दडवलंय, अशी कुणकुण व्हिटलॉकला वर्षानुवर्षं होती. दंड झाला की निम्मा वाटा त्याचा, आणि त्या टेबलाच्या विचाराने त्याची झोप उडत होती. दारू सापडली तर शाबासकी मिळणार होती, टेबल सापडलं तर पैसे. जेरूशाला माणसं बरोबर ओळखता यायची. ती घराकडे पळाली, तसा तोही शिपायांना हाका मारत तिच्या मागे पळाला.

तिने चादर दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याने ती हिसकून ओढली. पेला फुटला, काढा सांडला, आणि पिवळसर, गुळगुळीत, बारा वर्षांच्या पिठाने मऊ झालेली ती फळी उघडी पडली.

"सांधा कुठे आहे, बाई?"

"नाही."

"मोठ्याने."

"नाही म्हटलं ना!" ती रडायला लागली, आणि त्यात सोंग अजिबात नव्हतं.

व्हिटलॉकने फळी मापली, हात फिरवला, पुन्हा मापली. पुरावा म्हणून टेबल जप्त. वसंतात गिरणीला कुलूप. शिपाई टेबल उचलून दाराशी गेले तर ते बाहेर निघेना, कारण असाहेलने ते घरातच बसून केलेलं. आडवं करून झालं, उभं करून झालं. शेवटी दार बिजागरीतून काढलं, चौकटीचा टवका उडाला. तेवढ्यात बर्फ पडायला लागलं. रस्ता बंद व्हायच्या आत खिंड ओलांडायची होती, घसरगाडी टेबलानेच भरली होती, आणि भुश्याची आठवण कोणाला राहिली नाही.

संध्याकाळी असाहेल आला. दार भिंतीला टेकलेलं, स्वयंपाकघरात वारा, मधोमध रिकामी जागा.

"टेबल?"

"दिलं," जेरूशा म्हणाली. "पिंपं आहेत."

त्याने चौकटीचा उडालेला टवका बोटांनी चाचपला. तिला वाटलं, आता हा भडकणार. त्याने विचारलं, "दारातून निघालं?"

"कसलं निघतंय! दार काढावं लागलं."

तो खाली बसला आणि हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तीही त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. रात्रीचं जेवण दोघांनी तिथेच केलं.

गिरणीला कुलूप लावायला कोणी आलंच नाही. एप्रिलात एक स्वार ओरडत आला, की लेक्झिंग्टनला राजाच्या पलटणीशी गोळी चालली, आपली माणसं पडली. गावात घंटा, ढोल, घोडी, कुत्री, सगळा एकच कल्ला. ज्यांनी वर्षानुवर्षं नुसते अर्ज लिहिले होते ते भुश्यातून पिंपं ओढून काढत होते आणि पोरांसारखे हसत होते. आता कराची गोष्ट मागे पडली होती. आता आपल्या घरात मालक कोण, एवढंच ठरायचं होतं. जेरूशाची छाती धडधडत होती, आणि खरं सांगायचं तर ती भीतीने धडधडत नव्हती.

बोस्टनला लढायला निघालेल्या असाहेलने बंदूक भिंतीला टेकवली आणि आधी कुऱ्हाड घेतली. गिरणीमागे बाण कोरलेला सगळ्यात जुना पाइन होता. काका आणि दोन शेजारी त्याच्याबरोबर कुऱ्हाडी घेऊन भिडले. झाड पडलं तेव्हा अख्ख्या खोऱ्यात आवाज गेला. जंगलचोरीचा असा आवाज गावाने पहिल्यांदाच उघड्या कानांनी ऐकला होता.

"दंड पडेल हो," टाफ्टकाका धापा टाकत म्हणाले.

"व्हिटलॉकला म्हणावं, बोस्टनला येऊन घेऊन जा." असाहेल जेरूशाकडे वळला. "टेबल मी परत आल्यावर करतो."

"तुमची वाट बघत मी जमिनीवर जेवू? मी कापते. तुम्ही जेवायला या म्हणजे झालं."

"येतो."

माणसं गेली. गिरणीचं चाक फिरवणाऱ्या ओढ्याला बर्फ वितळून पाणी आलं होतं. बैल लावून तिने आणि काकांनी ओंडका गिरणीवर चढवला. फळीची रुंदी ठरवणारी करवतीची पट्टी आजवर अरुंद मापावरच बसवलेली असायची. ती तिने सैल केली आणि सरकवत सरकवत पार शेवटाला नेली.

जूनमध्ये बोस्टनजवळच्या टेकडीवर मोठी लढाई झाल्याची बातमी आली. न्यू हॅम्पशरची माणसं तिथे होती, आणि शेवटी दारूच संपली होती म्हणे. पडलेल्यांची नावं मात्र कळली नाहीत. जेरूशाने बारा वर्षांची ती चादर काढली, टराटरा फाडून तिच्या पट्ट्या केल्या, आणि जखमींसाठी निघालेल्या गाडीत दिल्या. मग ती घरी आली, पाव भाजला, आणि नव्या उघड्या टेबलावर दोन ताटं मांडली.