जव्हारच्या बाजारातला डबा

मंदाताई वालाची शेंग कानाशी नेऊन मोडायची. हेमंतातलं पिवळसर ऊन जव्हारच्या बाजारावर हलकेच उतरत असायचं, धुकं टेकडीपलीकडे सरकत असायचं, आणि एवढ्या गलक्यातही तिला त्या एका शेंगेचा टणक आवाज नेमका ऐकू यायचा. मग ती हसायची. तिच्यापाठोपाठ विकणारीही हसायची, आणि पिशवी धरून शेजारी उभी असलेली मी, तिची धाकटी जाऊ, मनातल्या मनात जळत राहायचे.

दिवाळी सरली की मुलुंडहून दोन दिवस जव्हारला जायचं, ही आमच्या घरची रीत. तिथला आठवडी बाजार म्हणजे नागलीच्या राशी, नव्या बांबूच्या टोपल्यांचा हिरवा गंध, सुक्या मासळीचा उग्र दरवळ आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांची तक्रार. त्या गर्दीत मंदाताई शिरली की गर्दीच तिला वाट करून द्यायची. मीही तेवढंच घ्यायचे, तितकंच गोड बोलायचे. पण मला भाव सांगितला जायचा आणि तिला घरची सुखदुःखं. मुलुंडच्या मंडईतही निराळं नव्हतं. घरात तर माझी स्वतःची लेक वेणी घालून घ्यायला तिच्यापुढेच बसायची. तिने कुणाला ओढून नेलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. माणसं आपणहून जायची, याचाच मला राग होता.

माझं म्हणावं असं एकच होतं, बेसनाचे लाडू. ते तिला कधी जमले नाहीत, तिचे बसायचे. एका वर्षी तिने माझे लाडू एका स्टीलच्या डब्यात भरले आणि बाजारात सोनीबाईच्या हाती ठेवले. सोनीबाई वरई आणि शेंगा घेऊन बसायची. मी समोरच्या टोपल्यांपाशी होते. सोनीबाईने लाडू मोडून तोंडात टाकला, मंदाताई काहीतरी बोलली आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. श्रेय तर गेलंच, वर हसंही माझंच. त्यात डबा माझ्या आईने लग्नात दिलेला, झाकणावर माझं नाव कोरलेला. आई जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "दुसऱ्याच्या वस्तू वाटून मोठेपणा मिळवायचा, हे बरं जमतं गं ताई तुला."

ती म्हणाली, "अगं, डबा कुठे जातोय? भरून येईल पुढच्या वर्षी."

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. पुढच्या वर्षी ती आजारी पडली, जव्हार राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही राहिलं. गेल्या चैत्रात ती गेली. आणि अखेरपर्यंत माझं बोलणं औषधांच्या वेळांपलीकडे गेलं नाही.

यंदा मी बाजारात गेले ती डब्यासाठी, असं स्वतःला बजावूनच. ऊन तसंच होतं, नागली तशीच होती. सोनीबाईने मला पाहिलं आणि मी काही विचारण्याआधीच मागच्या गाठोड्यातून डबा काढला. वरईने काठोकाठ भरलेला.

"दर साली नवी भरते," ती म्हणाली. "रिकामा कसा देऊ? बाय कुठं हाय?"

मी सांगितलं. ती बराच वेळ झाकणावरून बोट फिरवत राहिली. मग कोरलेल्या अक्षरांवर थांबून म्हणाली, "हे तुझं नाव ना, वृंदा? बायनं वाचून दाखवलं होतं. बोलली, लाडू हिचे, मला नाय जमत. ती बघ, तिकडं उभी हाय, माझी धाकली."

म्हणजे त्या दिवशी त्या हसल्या ते माझी ओळख पटवताना. माझं एकुलतं एक कौतुक तिने तिच्या बाजारात, तिच्या माणसांपुढे, माझ्याच नावानिशी मांडलं होतं, आणि माझे टोमणे ऐकूनही ते बोलून दाखवलं नव्हतं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, रडतानाही हेवाच वाटला. एवढं मोठं मन मला का नाही मिळालं, याचा.

निघताना मी वालाची एक शेंग उचलून कानाशी नेली आणि मोडली. मला काहीच ऐकू आलं नाही.

डबा आता मुलुंडच्या ओट्यावर आहे. पुढच्या हेमंतात नवे लाडू वळून मी तो पुन्हा भरेन आणि सोनीबाईकडे नेईन. पण माझ्याकडून जो डबा खरा परत जायचा होता तो भरायला मला फार उशीर झाला, आणि तो जिच्या हाती द्यायचा ती आता कुठल्याच बाजारात भेटत नाही.