सुरू न होणारी स्कूटर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे, आणि माझी कहाणी सुरू करण्याआधीच एक गोष्ट सांगून टाकते. सुरू व्हायला मी कधीही त्रास दिलेला नाही. तुमच्या कानावर काहीही आलेलं असो. कोपरखैरण्यात माझी एवढी बदनामी झाली आहे की आता मलाच बोलायला हवं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, जोडून, मला आकाशी रंग दिला. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. दिनानाथ परबांनी नाव नोंदवलं तेव्हा ते एकटे होते आणि मी हातात आले तेव्हा त्यांचं लग्न ठरलं होतं. हार घालून, हँडलला लिंबू-मिरची बांधून त्यांनी मला घरी आणलं. माझ्या पाठीवर बसून सुनीतीबाई नव्या नवरीच्या साडीत नवी मुंबई बघत फिरल्या. तेव्हा बघण्यासारखं फारसं काही नव्हतंच म्हणा. नवे रस्ते, खाडीचा वारा आणि रंग न वाळलेल्या इमारती.

मग सई झाली. थोडी मोठी झाल्यावर ती पुढे उभी राहू लागली. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरायची आणि मान वर करून बाबांच्या पायाकडे बघायची. बाबांनी किक मारली, मी सुरू झाले, की टाळ्या वाजवून ओरडायची, "बोलली! स्कूटर बोलली!" माझ्या आवाजाचं एवढं कौतुक आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. लोकांना तो कर्कश वाटतो.

सई अडीच वर्षांची झाली आणि सुनीतीबाईंची रजा संपली. बेलापूरच्या सरकारी कार्यालयातली ही नोकरी त्यांनी परीक्षांवर परीक्षा देऊन मिळवली होती. गावाहून कुणी येऊन राहील असं नव्हतं. मग शेवंताबाईंचं पाळणाघर सापडलं. शेवंताबाई तळवलीच्या. घरची शेती नव्या शहरात गेली आणि त्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत इतरांची मुलं सांभाळू लागल्या. बाई मायाळू, घर स्वच्छ, खिडकीला मजबूत गज. नाव ठेवायला जागाच नव्हती. तरी पहिल्या दिवशी दोघं खाली येऊन माझ्याजवळ अशी उभी राहिली, जणू काहीतरी चोरी करून आली होती.

त्याच संध्याकाळी मागच्या सीटवरून सुनीतीबाई म्हणाल्या, "अहो, दिवाळीपर्यंत बघू. तोपर्यंत तिचं रडणं थांबलं नाही तर मी नोकरी सोडते. मग मला कुणी समजवायचं नाही."

"थांबेल गं. सगळीच मुलं रडतात," दिनानाथ म्हणाले.

तेव्हापासून आमचा दिवस ठरून गेला. सुनीतीबाई लवकरच्या बसने जायच्या. दिनानाथ सईला उठवायचे, भरवायचे, वेणी घालायचा प्रयत्न करायचे आणि शेवटी नुसतं रबर लावून निघायचे. शेवंताबाईंच्या इमारतीखाली मला स्टँडवर लावून ते रडणाऱ्या सईला वर पोचवायचे. नंतर एकटेच खाली यायचे. तिथून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात जायचं.

पण ते जायचेच नाहीत. वरच्या खिडकीतून सईचं रडणं ऐकू येत राहायचं आणि त्यांचा पाय किकवर जायचा नाही. नुसतं उभं राहिलं तर लोक बघतात, म्हणून ते मला एका अंगावर तिरकी करायचे, सरळ करायचे, चोक ओढायचे, ढकलायचे. प्लग काढायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे. प्लग कोरडा ठणठणीत! टाकीत पेट्रोल होतं, मी तयार होते, एका किकचं काम होतं. पण सगळं लक्ष खिडकीकडे. आता थांबेल, आता थांबेल, थांबली की निघू. ती काही थांबायची नाही. बराच वेळ गेल्यावर घड्याळ बघून ते दचकायचे, किक मारायचे, आणि मी पहिल्या फटक्यात सुरू व्हायचे. त्यातली गंमत कुणाच्या लक्षात येईल तर शपथ!

कारखान्यात रोज उशीर. साहेबांनी विचारलं की यांचं उत्तर तयार, "काय करणार सर, स्कूटर सुरूच होत नाही." शेजाऱ्यांना तेच. शेवंताबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय झालं, भाऊ?" तर त्यांनाही तेच. एकदा दोन भले गृहस्थ मदतीला धावले आणि मला गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेलं. धडधाकट असून भर रस्त्यात ढकललं जायचं! लाजेने माझा आकाशी रंग उडायचाच बाकी होता.

संध्याकाळी आम्ही बस स्टॉपवर सुनीतीबाईंना घ्यायचो आणि मग सईला आणायला निघायचो. त्या थकून यायच्या. पर्स मांडीवर घेऊन सीटवर बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "रडली का?"

"थोडीशी. लगेच थांबली."

"आणि तुम्हाला उशीर?"

"ही बया. सुरूच झाली नाही."

बया! मी काय उत्तर देणार? मला वाचाही किक मारल्याशिवाय फुटत नाही.

एकदा वाटेत सुनीतीबाई आपणहून बोलू लागल्या. "खरं सांगू? सकाळी बस सुटली ना की मला बरं वाटतं. बेलापूर येईपर्यंत मला कुणी हाक मारत नाही. ऑफिसमध्ये चहा गरम असताना पिता येतो. आणि मग त्या चहाचीच लाज वाटते. मी वाईट आई आहे का हो?"

"वेडी आहेस," दिनानाथ म्हणाले. एवढंच म्हणाले. पण त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्यांनी मला इतकं सावकाश चालवलं की सायकलवाले पुढे गेले. रोजचं रडणं त्यांना ठाऊक होतं. सांगितलं तर ही उद्याच नोकरी सोडेल, आणि ती नोकरी म्हणजे तिचा जीव की प्राण. म्हणून ते गप्प. घरात दोघंही एकमेकांना धीर देत होती आणि दोघांचाही धीर सुटला होता.

थाप पक्की करायला ते मला तबरेजच्या गॅरेजमध्ये नेऊ लागले. तबरेजने कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, पुन्हा लावला, किक मारली. "साहेब, गाडी एकदम ओके हाय."

"सकाळी त्रास देते."

"मग सकाळी आना ना!"

दिवाळी आठवड्यावर आली, आणि बाजारात तबरेज सुनीतीबाईंना भेटला. बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "वहिनी, साहेबांना सांगा, उगाच टेन्शन घेतात. त्या गाडीला काय पन नाय झालेलं. मी नुसती पुसून देतो."

सुनीतीबाईंच्या मनात काय काय आलं असेल, देव जाणे. गाडी चांगली आहे, तर हा माणूस रोज सकाळी असतो कुठे? दुसऱ्या दिवशी त्यांनी बस सोडून दिली.

मी शेवंताबाईंच्या खिडकीखाली एका अंगावर तिरकी होते. वर रडणं चालू होतं. दिनानाथांच्या हातात प्लग होता आणि तो ते रुमालाने पुसत होते, पुसत होते. इतक्यात समोर सुनीतीबाई उभ्या.

"काय चाललंय?"

"सुरू होत नाहीये..."

"तबरेज मला भेटला काल."

दिनानाथांनी प्लग खिशात टाकला. वरून आवाज येतच होता. सुनीतीबाईंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ही सई आहे?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आणि तुम्ही मला रोज सांगता लगेच थांबते म्हणून?"

"काय सांगू? तू नोकरी सोडली असतीस! मला निघवत नाही, सुनीती. ती रडत असताना मी गाडीला किक मारू कशी? एवढा निर्दय नाही होता येत मला. वाटतं, थांबू दे, मग जाऊ. ती थांबतच नाही."

"बस झालं," सुनीतीबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "मी तिला घेऊन येते. आणि आजच राजीनामा देते. नको मला तो चहा."

त्या तरातरा जिना चढल्या. दिनानाथ माझ्या हँडलवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. आता सई घरी, सुनीतीबाई घरी, आणि मला उगाच शिव्या खाव्या लागणार नाहीत. पण आनंद काही झाला नाही.

थोड्या वेळाने त्या परत आल्या. एकट्याच. आणि अगदी हळू, पायरी वाजू न देता.

"सई कुठाय?" दिनानाथांनी विचारलं.

"मी दारातूनच मागे फिरले. तिने मला पाहिलं नाही." त्या माझ्या सीटला टेकल्या. "ती खिडकीच्या गजांना धरून उभी आहे हो. खालचं तिला दिसत नाही. रडतेय, आणि मधेच कान देऊन ऐकतेय. शेवंताबाई म्हणाल्या, चल बाय, खेळाया चल. तर म्हणते, स्कूटर बोलली नाय. बाबा खाली हाय."

'हाय' म्हणताना सुनीतीबाईंचा आवाज कापला. लेक शेवंताबाईंची बोली उचलायला लागली होती, आणि ते त्यांना आत्ता कळत होतं.

"शेवंताबाई मला म्हणतात, वैनी, रोज आसंच. गाडी चालू झाल्याचा आवाज आला का उतरते आनि केळं मागते. मग दिसभर नाय रडत. गाडी चालू होत नाय तवर उभीच. भाऊंना सांगा, गाडी बदला."

दिनानाथ खुळ्यासारखे बघत राहिले. "मग मला का नाही सांगितलं कधी?"

"काय सांगणार? तुम्हीच त्यांना सांगितलंत, गाडी खराब आहे. त्यांना वाटलं, बिचाऱ्याचा इलाज नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला इतकं काही बोलायचं होतं! ती थांबावी म्हणून हे थांबत होते, आणि हे थांबतात म्हणून ती थांबत नव्हती. आणि दोष कुणाचा? माझा!

"किक मारा," सुनीतीबाई म्हणाल्या आणि मागे बसल्या.

दिनानाथांनी प्लग बसवला. मला सरळ केलं. पाय किकवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. एका लेकराचं रडणं कानात असताना पाय खाली दाबायला केवढं बळ लागतं, ते त्या दिवशी मला कळलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि किक मारली. मी बोलले. माझ्या आयुष्यात मी इतकी मोठ्याने कधी बोलले नव्हते.

गल्लीच्या टोकाला वळण आहे. तिथे जाऊन त्यांनी मला बंद केलं, आणि दोघांनी मिळून, एकाने हँडल धरून आणि एकीने मागून जोर लावून, मला ढकलत पुन्हा खिडकीखाली आणलं. त्या दिवशी ढकलल्याचा मला राग आला नाही.

वर अगदी शांत होतं. मग सईचा आवाज आला, खणखणीत. "केळं! मोठं दे!"

दोघंही माझ्या सीटवर डोकं टेकून रडली. रस्त्यावरून माणसं जात होती, त्याचीही शुद्ध त्यांना राहिली नाही.

"राहते ती आपल्याशिवाय," सुनीतीबाई म्हणाल्या.

"हो."

"मग बरं वाटायला हवं ना? असं का लागतंय?"

दिनानाथांनी खिसे चाचपले. ते रुमाल शोधत होते, आणि रुमाल प्लग पुसून काळा झालेला होता. तोच त्यांनी तिला दिला.

नोकरी राहिली. दिवाळीत सुनीतीबाईंनी शेवंताबाईंना साडी नेसवली आणि ऑफिसातला चहा गरम असतानाच पिऊ लागल्या. दिनानाथ सईला वर सोडून खाली यायचे आणि लगेच किक मारायचे. लोकांना वाटलं स्कूटर दुरुस्त झाली. सोपं मात्र झालं नव्हतं. पुढच्या वळणावर ते रोज थोडे थांबायचे, चष्मा पुसायचे, मग जायचे. आणि साहेबांना त्यांनी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. त्या कारखान्यात माझं नाव आजही खराब आहे.

सई वाढली. पुढे मावेनाशी झाली तेव्हा मागे बसू लागली. मग शाळेची बस आली, दिनानाथांना मोटरसायकल आली, आणि मी सोसायटीच्या जिन्याखाली गेले. पहिले काही महिने माझ्यावर कव्हर होतं. ते फाटलं. डिकीचं झाकण गेलं, स्टेपनी कुणीतरी नेली, सीटच्या स्पंजात मांजरीने पिल्लं घातली. येणारेजाणारे माझ्यावर चपला झटकतात. वर्ष होऊन गेलं, मला कुणी किक मारलेली नाही. मीही थकले आहे. पत्रा गंजला की राग धरायलाही अंगात ताकद लागते.

उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे. काल दिनानाथांनी सईला सांगितलं. ती आता सात वर्षांची आहे, पण जिन्यात बसून अगदी तेव्हासारखी रडली. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, चष्मा पुसत उभे राहिले. ती म्हणाली, "मी खाली येणार नाही. खिडकीतून बघणार."

मित्रांनो, राहू द्या म्हणून मी गयावया करणार नाही. जायचं असतं तेव्हा जावंच लागतं. तुम्हाला सोडून जाताना तुमचे आईबाबा जिन्याखाली उगाच घुटमळताना दिसले, तर त्यांना हसू नका. आणि तुम्ही कुणाला सोडून निघालात, तर गुपचूप निघू नका, खाली लपून उभे राहू नका. गेल्याचा आवाज होऊ द्या.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या टेम्पोत चढवण्याआधी कुणीतरी माझा प्लग पुसावा, घोटभर पेट्रोल घालावं आणि एक किक मारावी. मी पहिल्या फटक्यात सुरू होईन की नाही, हे या वेळी मला खरंच सांगता येत नाही. पण सई वर गजांना धरून उभी असेल, आणि मी बोलल्याशिवाय ती थांबणार नाही.