हंगामाचं गाऱ्हाणं

बॉयलरसमोरच्या पाटावर ठेवलेला नारळ दत्तप्रसादने पुन्हा एकदा सरळ केला आणि हरिश्चंद्रकाकांना बाजूला घेतलं.

"काकानू, यंदा गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढवा. जो कोण हंगाम मोडून दुसऱ्या कारखान्यात जाईत, तेका देवा तूच बघून घी, असा म्हणा."

काका कारखान्यातले सर्वांत जुने. बॉयलर तेच पेटवायचे आणि काजूच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी देवाला गाऱ्हाणंही तेच घालायचे. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"बघतंय," एवढंच म्हणाले.

दत्तप्रसादला स्वतःचीच लाज वाटली. पण लाजून कारखाना थोडाच चालणार होता! कुडाळात काजूचे कारखाने काय कमी होते? यंत्रं सगळ्यांची सारखीच. त्याच्या कारखान्याचं नाव होतं ते बायकांच्या हातांमुळे. त्यांच्या हातून गर अख्खा सुटायचा. एकेकीला त्याने स्वतः समोर बसून शिकवलं होतं. व्यापाऱ्यांच्या सभेत तो छाती फुगवून सांगायचा, "यंत्र कोणीही विकत घेईल. माझी माणसं कशी घेणार?"

शेजारच्या प्लॉटवर नवी कंपनी आली आणि ती नेमकी माणसंच घ्यायला निघाली.

काल त्यांच्यातली सर्वांत तरबेज आनंदी, आपण तिकडे जाणार, असं येऊन सांगून गेली. ती गेली की गर सोलणाऱ्या साऱ्याजणी तिच्या मागोमाग जाणार, हे उघड होतं. मग गोदामात भरून ठेवलेल्या बियांचं करायचं काय?

"तुमी वायट नाय, दादानू," ती म्हणाली होती. "पण थंय बस दारापर्यंत येता. पोराक ठेवूक खोली आसा. माझा पोर रोज शेजारणीकडे रडत बसता."

खोलीचं तिने त्यालाही विचारलं होतं. पुढच्या हंगामात बघूया, असं तो दर हंगामात म्हणत आला. काल त्याने खोली देऊ केली, पगारही वाढवतो म्हणाला. पण ती तिकडे शब्द देऊन बसली होती.

आता देवाचाच काय तो आधार. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हटलेला माणूस त्यातून मागे फिरत नाही. निदान दत्तप्रसाद तरी कधी फिरला नव्हता.

बायका ओळीने उभ्या राहिल्या. काकांनी घसा खाकरला.

"बा देवा रवळनाथा! आज हो जो काय नारळ तुझ्यासमोर ठेवलो हा, तो मान्य करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शेटाच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात आनंदीचा आवाज स्पष्ट होता. दत्तप्रसादला गलबलून आलं.

मग काका थांबले. दत्तप्रसादने डोळे गच्च मिटून घेतले.

"आणि हयसून जी कोण लेकरां दुसरीकडे जातली, त्येंका थंय सुखी ठेव रे म्हाराजा! त्येंच्या पोराबाळांक संभाळ रे म्हाराजा!"

बायकांच्या तोंडून आवाज फुटेना. पण गाऱ्हाणं अर्धवट लोंबकळत ठेवायचं नसतं. वडिलांचं बोट धरून देवळात उभं राहायच्या वयापासून, काकांसारखा सूर कानावर पडला की दत्तप्रसादच्या तोंडून उत्तर आपसूक निघायचं. आताही निघालं.

"व्हय म्हाराजा!"

शेडमध्ये त्याचा एकट्याचाच आवाज घुमला. त्याने डोळे उघडले, तर सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने नारळ उचलला. तो फोडायला मात्र हात उठेना.

"फोडा, दादानू," आनंदी हळूच म्हणाली.

खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने तिच्याच हातावर ठेवला. मग आणखी एक काढला.

"हो पोराक दी," तो म्हणाला.